आई-आप्पांना पत्र : एट हंड्रेडच्या बॉनेटखालचं

ती. आई आणि आप्पा,
सा. न.

व्हॉट्सअपवर गाडीचे फोटो टाकले की आप्पांचा लगेच व्हॉइस मेसेज येतो, तोही मधेच तुटलेला, आणि मागून आई काहीतरी बोलते ते धड ऐकू येत नाही, मग मी उत्तर देते तोवर पुढचा प्रश्न आलेला असतो. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. भाऊला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला. आप्पा, डोळ्याला ताण देऊ नका, आईला वाचायला लावा, ती गाळून वाचेल तेवढं चालेल.

तर, आपल्या मारुती एट हंड्रेडच्या बॉनेटखालचं काम झालं. गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते आणि आयडलला थरथरत नाही. भाऊचं म्हणणं तुम्हाला माहितीच आहे, की एवढ्यात एखादी बरी सेकंडहँड आली असती. शेजारच्या काकूंचं तर रोजचंच, "काय व माय, बँकमातून येस नि गाडीमा मुंडकं खुपसस, दी दे ना भंगारमा!" मी हो हो करते. खरं म्हणजे इंजिनला काही झालेलंच नव्हतं. ७९६ सीसी, तीन सिलेंडर, कार्बोरेटर, त्यात बिघडणार तरी काय. वाट लागली होती ती इंजिनच्या आजूबाजूच्या सगळ्याची, म्हणजे रबर, वायरी, पत्रा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४४-४५ ला जातो, चालत्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल विचार करा, तीस वर्षं ते रबर तिथं भाजून निघालंय, होजपाइप हाताने दाबला तर चिरा दिसायच्या.

आधी उंदरांचं सांगते, कारण आई मला म्हणाली होती की शेडमध्ये दादर ज्वारीची पोती ठेवू नको आणि मी म्हटलं होतं काही होत नाही. एअर फिल्टरचा गोल डबा उघडला तर आत अख्खा संसार. शेंगांची टरफलं, दादरचा भुसा, आणि आई, तुझ्या त्या निळ्या साडीची चिंधी जी तू काच पुसायला दिली होती. फिल्टरचा कागद कुरतडून त्याचीच गादी केलेली. पोती आता मागच्या खोलीत गेली, तू आल्यावर बघच.

पण खरी गंमत रेडिएटरमध्ये सापडली. आप्पा, आठवतं का, मधे काही वर्षं गाडी सारखी गरम व्हायची, जळगावला जाताना पाळधीच्या पुढे काटा वर चढला की तुम्ही बाजूला घेऊन बॉनेट उघडून उभे राहायचे आणि आई थर्मासमधला चहा काढायची. मग एका गॅरेजवाल्यानं थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकला, म्हणाला आपल्या भागात त्याची गरज नाही, आणि तेव्हापासून काटा खालीच. त्याला आपण सगळ्यांनी हुशार म्हटलं. आता मी रेडिएटर खाली उतरवून उजेडात धरला तर समोरच्या बाजूनं पत्र्याच्या बारीक जाळीत कापूस. खरा कापूस, आपला, ट्रॅक्टर-ट्रॉलीतून उडतो तो. चोपड्याच्या रस्त्याला सीझनमध्ये कापसाच्या ट्रॉलीमागून तुम्ही किती फिरलाय, तो सगळा जाळीत अडकला, त्यावर काळ्या मातीची धूळ, त्यावर पावसाचं पाणी, असा एकावर एक थर बसून अर्धी जाळी लिंपल्यासारखी बंद. हवा जाणार कुठून? गाडी गरम व्हायचं कारण ते होतं. थर्मोस्टॅट बिचारा उगाच बळी गेला.

तो काढला की होतं काय, पाणी सतत फिरत राहतं आणि इंजिन पाहिजे तेवढं तापतच नाही, थंडीत तर नाहीच नाही. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, ऑइल नीट पातळ होत नाही, आणि आतली झीज वाढते. तुम्ही म्हणायचे ना की गाडी आता पहिल्यासारखं ॲव्हरेज देत नाही, त्यातलं थोडं इथं गेलं. नवीन थर्मोस्टॅट बसवला, तो साधारण ८२ डिग्रीला उघडतो, गॅसवर पातेल्यात पाणी ठेवून आधी उघडतोय का बघून घेतला (आई, जुनं पातेलं वापरलं, चहाचं नाही). जाळीतला कापूस मऊ ब्रशनं आणि पाण्यानं काढला. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारायचं, समोरून मारलं तर कचरा अजून आत ठासला जातो. बोट फिरवलं तरी जाळीच्या पट्ट्या वाकतात इतकं ते नाजूक आहे त्यामुळे तिथंच फार वेळ गेला. साध्या पाण्याऐवजी आता कूलंट आहे, कृपा करून त्यात हातपंपाचं पाणी टाकू नका, आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार बादलीला बघा कसा चढतो.

धुण्याचं थोडक्यात. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढला, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, अल्टरनेटर आणि कार्बोरेटरच्या तोंडाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, आणि इंजिन पूर्ण थंड असताना डिझेल आणि ब्रश. प्रेशर वॉशरवाल्याकडे नेली नाही, वायरिंगच्या जोडात पाणी शिरलं की वर्षभर भूत लागल्यासारखी गाडी वागते. प्रत्येक वस्तू काढायच्या आधी फोटो, प्रत्येक वायरला मास्किंग टेपची चिठ्ठी, नटबोल्ट मिठाईच्या डब्यांत वेगवेगळे. शेजारचा आयटीआयला जाणारा पोरगा मदतीला होता, हात चांगला आहे त्याचा, फक्त स्पॅनर कुठं ठेवला ते विसरतो.

बॅटरीखालचा ट्रे मात्र गेलेला होता. ॲसिड सांडून सांडून पत्रा पापडासारखा झालेला, स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार. खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं तर असा फेस आला की पोरगा मागे सरकला. सडलेला भाग कापून वेल्डरकडून नवीन पत्रा लावून घेतला, बाकीच्या गंजावर वायर ब्रश, मग रस्ट कन्व्हर्टर, मग प्रायमर. पेंटर म्हणाला, ताई, पुट्टी मारून देतो, एकदम प्लेन दिसेल. मी नको म्हटलं. बॉनेटखाली गरम-गार होऊन पुट्टी तडकते आणि त्याच्या आत परत पाणी धरून गंज चालू. थोडं उंचसखल दिसलं तर दिसू दे. रंगाला दिवाळीनंतरच हात घातला, पावसाळ्यात ओलाव्यानं रंग पांढुरका पडतो आणि उन्हाळ्यात बंदुकीतून निघून पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकतो. शेड मॅच करायला डिकीतल्या चटईखालचा पत्रा दाखवला, जिथं ऊन पोचलंच नाही, १९९६ चा पांढरा तिथं जसाच्या तसा होता.

दोन गोष्टींवर मी पेंटरच्या डोक्यावर उभी होते. एक, चेसिस नंबर. आरटीओत त्याचा पेन्सिलनं ठसा घेतात, त्यावर रंगाचा जाड थर बसला किंवा कुणी पॉलिश पेपर घासला की तुम्ही चोर. टेप लावून झाकला आणि तिथं शेवटी हलका हात मारला. दुसरं, अर्थिंगच्या जागा. इंजिनपासून बॉडीला जी जाड पट्टी येते तिच्याखाली कोरा पत्राच लागतो, तिथं रंग गेला की सेल्फ नुसता टकटक करणार आणि लोक बॅटरी बदलत बसणार.

आता आप्पा, तुमच्या जुगाडांचं. शांतपणे ऐका. पेट्रोलच्या पाइपला तुम्ही बांधलेली तार काढली, सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली, तुम्हाला न विचारता काढली आणि परत विचारलं असतं तरी काढलीच असती. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या गाड्यांचं रबर त्याच्यासाठी बनवलेलंच नाही, ते फुगतं, मऊ पडतं, मग गळतं, आणि त्याच्या शेजारी गरम सायलेन्सरचा मॅनिफोल्ड. सगळे पेट्रोलचे पाइप इथेनॉल चालणारे, क्लॅम्प नवीन, कार्बोरेटरची किटही बदलली. ॲक्सिलरेटरच्या केबलला कॉटर पिनेऐवजी आईची केसातली पिन होती! आई, तुला माहिती होतं का हे? किती वर्षं आपण सगळे त्या एका पिनेवर सप्तशृंगीला जाऊन आलो.

आणि ते फॉगलाइट आणि हॉर्नचं वायरिंग, ज्या गॅरेजमध्ये करून घेतलं होतं त्यांनी मेन वायर सोलून त्यालाच पीळ दिलेला, फ्यूज नाही, वर नुसती काळी चिकटटेप जी उन्हानं विरघळून गोंद झालेली. ते पूर्ण उपटून टाकलं. हॉर्नला रिले आणि फ्यूज टाकला. फॉगलाइट लावले नाहीत, आपल्याकडे धुकं पडतं कधी.

पण डिस्ट्रिब्युटरसमोरचा पत्रा ठेवलाय. तोच, तुम्ही गोडेतेलाच्या डब्याचा कापून केलेला, पावसात ग्रिलमधून पाणी उडून गाडी बंद पडायची म्हणून. कडा तुम्ही दुमडून घेतल्यात हाताला लागू नये म्हणून, आणि एका बाजूला शेंगदाण्याचं अर्धं चित्र अजून आहे. पेंटर म्हणाला हा काढू का किंवा काळा तरी मारू. मी म्हटलं हात लावू नको. फक्त मागच्या बाजूनं गंज होता तो साफ केला आणि रबराचे वायसर टाकून परत बसवला, आता खडखड वाजत नाही. कंपनीनं द्यायला पाहिजे होती ती वस्तू तुम्ही दिली, त्यात बदलण्यासारखं मला काही दिसलं नाही.

पार्ट्सची तुम्हाला फार काळजी होती, तर मिळाले. ८०० बंद झाली २०१४ मध्ये पण हेच इंजिन ओम्नीत होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत चालू होती, आपल्याकडे शाळेच्या पोरांच्या व्हॅन आणि ॲम्ब्युलन्स सगळ्या त्याच, त्यामुळे जळगावला टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, टॅपेट कव्हरचं पॅकिंग सगळं लगेच हातात पडलं. टॅपेट कव्हरमधूनच ऑइल गळायचं, तेच खाली जाऊन मातीचा थर धरायचा. जुने बोल्ट मी टाकले नाहीत, झिंक प्लेटिंग करून आणले, नवीन बाजारातल्या बोल्टांपेक्षा ते बरे. चमकायचा स्प्रे कशावरही मारला नाही, चार दिवस छान दिसतो आणि मग सगळी धूळ त्यालाच चिकटते. खर्च किती झाला ते आईला फोनवर सांगेन, आप्पांना तिनं ठरवावं सांगायचं की नाही.

आता जे मला खरं बोलायचंय ते. यावर्षी गाडीचं पासिंग आहे, परत पाच वर्षांचं. वीस वर्षांच्या वरच्या गाडीला रिन्यूअलची फी आता दहा हजार झालीय, शिवाय पर्यावरण कर. भाऊ म्हणतो तेवढ्यासाठी कशाला. मी भरणार आहे, माझ्या पगारातून, त्यावर वाद नको. पण माझी एक अट आहे. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चष्म्याचा नंबर पक्का होईपर्यंत स्टीअरिंगला हात लावायचा नाही. त्यानंतरही गावात, सकाळी, मार्केटपर्यंत, मंगळग्रहाच्या मंदिरापर्यंत खुशाल. धुळ्याच्या रोडला रात्री नाही. मागच्या वर्षी समोरच्या ट्रकचा लाइट डोळ्यावर आला तेव्हा तुम्ही गाडी कच्च्यावर उतरवली, आई शेजारी बसली होती आणि तिनं मला ते दोन महिन्यांनी सांगितलं. (आई, सांगितलंस ते बरं केलंस, आणि आप्पा, तिच्यावर चिडू नका.) तुम्ही चिडणार हे मला माहितीय, तुम्ही मला याच गाडीवर शिकवलं आणि आता मी तुम्हाला सांगतेय. चिडा. पण हो म्हणा.

बॉनेट मात्र तुमचंच. सकाळी ऑइलची पट्टी बघणं, कूलंटची बाटली बघणं, बॅटरीचं पाणी, बेल्टचा ताण, हे तुमच्यासारखं कुणी करत नाही, मी तर बँकेच्या घाईत आठवडा आठवडा बघणार नाही. टायमिंग कानानं लावणारे तुम्हीच, माझ्या त्या लाइटच्या गनवर तुमचा विश्वास नाहीच.

आई, आरसीची ओरिजिनल प्रत गोदरेजच्या कपाटात आतल्या खणात आहे असं भाऊ म्हणतो पण त्या खणाची चावी कुठं आहे ते तू कुणालाच सांगितलेलं नाहीस. फोन करून सांग, मेसेज नको, मेसेजमध्ये तू "तिथेच" एवढंच लिहितेस. आणि आप्पा, जॅकचं हँडल डिकीत नाहीये, कुणाला दिलं होतं का?

हिरवी वांगी सध्या भरपूर येताहेत, तुम्ही आलात की शेतावर काड्यांवर भाजून भरीत करू, त्यामुळे फार लांबवू नका. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की तिकीट जळगावपर्यंतच काढा, पुढं बदलाबदली नको. मी स्टेशनवर घ्यायला येते, याच गाडीनं. आप्पांनी पुढं डावीकडे बसायचं, आई मागे.

तुमची,
ताई