यीट्सचे विसरलेले सोबती

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतील आयरिश कवी यीट्सवरचा लेख आवडला. पण त्यात ‘ऱ्हाइमर्स क्लब’चा उल्लेखही नसावा, हे खटकले. यीट्स आणि अर्नेस्ट ऱ्हीस यांनी १८९० मध्ये लंडनमध्ये तरुण कवींचा हा क्लब सुरू केला. फ्लीट स्ट्रीटवरील ‘चेशायर चीज’ या जुन्या खानावळीत हे तरुण कवी जमत, एकमेकांना कविता वाचून दाखवत. १८९२ आणि १८९४ मध्ये त्यांचे दोन संग्रहही निघाले. खरे सांगायचे तर त्यातल्या बऱ्याच कविता आज वाचवत नाहीत. पण पहिल्या संग्रहात यीट्सची ‘इनिसफ्री’ आहे आणि दुसऱ्यात अर्नेस्ट डाउसनची ‘सिनारा’. मार्गारेट मिचेलच्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीचे नाव याच ‘सिनारा’तून आले आहे. डाउसन ३२व्या वर्षी गेला, क्लबमधलाच दुसरा कवी लायोनेल जॉन्सन ३५व्या.

प्रभावाच्या दृष्टीने मला या क्लबमधला आर्थर सायमन्स सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फ्रेंच प्रतीकवादावरचे (थेट न सांगता प्रतीकांतून सुचवणाऱ्या साहित्यधारेवरचे) त्याचे १८९९ चे पुस्तक त्याने यीट्सला अर्पण केले. विद्यार्थिदशेत तेच कवी टी. एस. एलियटच्या हाती पडले आणि त्यातून त्याला फ्रेंच कवी लाफोर्ग भेटला. आधुनिक इंग्रजी कवितेची एक वाट या खानावळीवरून जाते, ती अशी. शिवाय सरोजिनी नायडूंच्या ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ला (१९०५) प्रस्तावना याच सायमन्सची आहे. यीट्सने मात्र या सोबत्यांची आठवण ठेवली होती. आपण कवितेचा धंदा त्यांच्यासोबत शिकलो, असे त्याने पुढे एका कवितेतच म्हटले आहे. डाउसन आणि सायमन्स यांच्यावरही पुरवणीत स्वतंत्र लेख यावेत, ही विनंती.

– एक वाचक, पुणे