विलासला पत्र: तुझा तक्ता आणि आमचे सापळे

राळेगावजवळून,
महालक्ष्म्या उठल्यानंतरचा आठवडा

प्रिय विलास,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा तक्ताही. डावीकडं उद्दिष्टं, उजवीकडं पाचपैकी गुण, खाली सरासरी. 'टीम लीड होणे'ला दोन, 'तब्येत'ला तीन, 'गावात घर बांधणे'ला भोपळा. आणि वरून विचारतोस, गजू, आपण पुढं सरकतोय की नाही हे कळावं कसं?

गड्या, असा तक्ता आपल्याकडं सरकारही काढते. पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या रुपयामागं यंदा किती पैसे पीक आलं तो अंदाज, विसरला नसशीलच. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि 31 डिसेंबरला अंतिम. 50 पैशांच्या आत आली तर दुष्काळाच्या सवलती, वर गेली तर राम राम. सवलतीसाठी तो आकडा लागतोच, त्याला मी नावं ठेवत नाही. पण डिसेंबरात पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, जे धरायचं ते धरून झालेलं असते. तेव्हा आकडा कळून त्या वावरात करायचं काय? तुझं मार्चचं अप्रेझलही मला त्याच जातीचं वाटते.

सध्या आमच्याकडं पऱ्हाटीत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं अळीचे नर पतंग ओढून पकडणारे सापळे, टांगले आहेत, एकरी दोन. सकाळी दवात पाय भिजवत ओळीओळीनं जायचं, सापळ्याच्या पिशवीची खालची गाठ सोडायची आणि आतले पतंग तळहातावर घेऊन मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागं 8 पतंग आले की गुलाबी बोंडअळीवर फवारा काढायची वेळ झाली. एका रात्रीत पंधरा पडले म्हणून लगेच पंप पाठीवर घ्यायचा नसतो. जोडीला वावरभर फिरून 20 हिरवी बोंडं तोडायची, फोडून पाहायची. दोनांत अळी निघाली तरी पुरे. फोडावीच लागतात, कारण बोंड बाहेरून ठणठणीत असते अन् आत सरकी पोखरलेली. कालच एक फोडलं, अळी अशी गुबगुबीत होती की धाकटा म्हणे, हिचं अप्रेझल चांगलं झालं!

मला त्या आठाचं मोल वाटते ते यासाठी, की आठ झाले तर काय करायचं ते आधीच ठरलेलं असते. तुझ्या तक्त्यात दोन गुण आहेत, पण दोन आले म्हणून सोमवारी सकाळी काय करशील, ते कुठंच लिहिलेलं नाही.

अन् मोजणीला फसवणारेही असतात बरं का. आमचे बाबा! उपाशीपोटी साखर तपासायची असली की दोन दिवस आधीपासून चहा बिनसाखरेचा, भात बंद, जिलेबीकडं पाठ. रिपोर्ट झकास. यंदा डॉक्टरनं तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी लिहून दिली, तेव्हा पोळ्याच्या पुरणपोळ्यांसकट सगळं बाहेर आलं. बाबा म्हणतात, मशीन खराब आहे.

माझंही सांगतो. पारावर सगळे एकरी किती क्विंटल कापूस पिकला तेच सांगतात, खर्च कोणी काढत नाही. मी दुसरंच पाहतो: मृगाच्या तोंडावर बियाणं-खतातलं किती रोखीनं उचललं अन् किती कृषी केंद्राच्या उधारीवर. यंदा बियाणं सगळं रोखीचं, खत अजून अर्धं उधारीचं. हे जूनमध्येच कळते, म्हणून मग डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, घरच्या बैलांनी करायची की भाड्यानं, हे ठरवता येते. पारावर मात्र हा आकडा ऐकून कोणी मान हलवत नाही.

तेव्हा टीम लीडच्या रकान्यात गुण देऊ नको. दर शनिवारी एवढंच पाहा, या आठवड्यात तुझ्या हाताखालच्या पोराला एखादं काम तू पूर्ण सोपवलंस का, आणि मधे हात न घालता राहिलास का. एखादा आठवडा कोरा गेला तर जाऊ दे. सलग तीन गेले तर सोमवारीच एक काम सोपव, तुझ्या साहेबानं विचारायच्या आधी. घराचं म्हणशील तर शून्य कशाला? प्लॉटची मोजणी तुझ्या काकांनी अडवून ठेवली आहे, तुझी प्रगती त्यात काय मोजणार! दिवाळीत आलास की दोघं जाऊन बसू त्यांच्यापाशी.

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, तेव्हाच उरकू म्हणतो, पहिल्या वेचणीला तू असलास तर बरं. येताना बाकरवडी मात्र आणू नको, बाबांची पुढची तपासणी दिवाळीनंतरच आहे.

तुझा,
गजू