वाडा पाडायच्या आधी हे वाच

मन्या,

तुझा मेसेज वाचला. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय मागची भिंत पडली म्हणजे वाडा गेलाच, पाडून टाका? अरे थांब जरा! वाड्यात भार घेतात ते खांब आणि तुळया, भिंत बहुतेक ठिकाणी नुसती मधली जागा भरायला असते, त्यामुळे भिंत पडली म्हणून लगेच मयताची तयारी करू नकोस.

परवा मुद्दाम विश्रामबागवाड्यात जाऊन आलो आणि सज्ज्याखालचे सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब बघत इतका वेळ उभा राहिलो की लोक वळून वळून बघायला लागले. १८०७ चा वाडा, दुसऱ्या बाजीरावाचा. पेशवाई गेल्यावर १८२१ मधे तिथे संस्कृत पाठशाळा निघाली, १८७९ च्या आगीत होरपळला, परत दुरुस्त केला, मग पालिकेची ऑफिसं आली (फायलींचं ओझं पण सोसलं बिचाऱ्याने). एवढं होऊन उभा आहे, आणि तुझा एका पावसात संपला?

आता तुझं घर. आधी खांबांचे पाय बघ. खांब दगडी तळखड्यावर ठेवतात ते जमिनीतली ओल लाकडात चढू नये म्हणून, पण तुमच्याकडे काकांनी फरशी बसवताना कोबा वर घेतला आणि तळखडेच गाडून टाकले, मला तेव्हाच ते खटकलं होतं. वर भिंतींना सिमेंटचा गिलावा. माती आणि चुना ओल पितात आणि सोडतात, सिमेंट ती आतच कोंडून ठेवतं, मग लाकूड कुजतं, मागोमाग वाळवी येते. बाहेरून मात्र सगळं गुळगुळीत, छान!

जाड टोच्याने टोचून बघ, मऊ लागलं तिथे कुजलंय. पण म्हणून अख्खा खांब फेकायचा नाही, तुळईला टेकू द्यायचे, खालचा कुजका तुकडा कापायचा आणि जुनं सागवान तिरका सांधा करून जोडायचं. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकायला असतं, चांगलं वाळलेलं असल्यामुळे ते नंतर पिळत नाही. गिलावा चुन्याचाच कर. वेळ लागेल, कॉन्ट्रॅक्टर नाक मुरडेल, मुरडू दे.

आणि काही हलवायच्या आधी प्रत्येक तुळईवर खडूने नंबर टाक नि फोटो काढ. शनिवारी मी टोच्या घेऊन येतोय, तोवर कुणाला पहार लावू देऊ नकोस.

तुझा,
बाळ्या