तिसरं 'यथावकाश'

माननीय मंत्रिमहोदय,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या संस्थेत दोन ओळींचं पत्र आलं. प्रशासकीय कारणास्तव अरबी समुद्राच्या तळावरच्या कार्ल्सबर्ग रिज या डोंगररांगेवरची आमची सागरी मोहीम पुढे ढकलण्यात येत आहे, नवी तारीख यथावकाश कळवण्यात येईल. हे तिसरं 'यथावकाश'. पहिलं आलं तेव्हा माझी विद्यार्थिनी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होती, दुसरं आलं तेव्हा चौथ्या. या वेळचं पत्र येण्याच्या आदल्याच महिन्यात तिची पाच वर्षांची फेलोशिप संपली. मागच्या वर्षी एका परिषदेत आपण या हंगामात जहाज नक्की मिळेल असा शब्द दिला होतात. सभागृहात मी होते, तीही होती. त्या रात्री तिने उपकरणांची यादी नव्याने लिहून काढली.

आपल्या कार्यालयाला 'पुढे ढकलणे' ही किरकोळ बाब वाटत असावी, म्हणून सांगते. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की अरबी समुद्रात आमचं काम होत नाही. चुंबकत्व मोजणारं उपकरण, आम्ही त्याला 'मासा' म्हणतो, जहाजामागे दोन-तीनशे मीटर लांब केबलने ओढत न्यावं लागतं, कारण जवळ ठेवलं तर ते जहाजाचंच लोखंड मोजत बसतं. खवळलेल्या समुद्रात ती केबल तुटते. त्यामुळे शांत समुद्राचा हंगाम हुकला की सरळ एक वर्ष जातं. तुमच्या फाइलीत तारीख बदलते, आमच्याकडे माणसाचं वय बदलतं.

आणि ही रांग कुठली, हे तरी आपल्याला कुणी सांगितलं आहे का? भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे. अरबी समुद्राच्या तळावर आपला भूपट्ट आणि आफ्रिकेकडचा सोमाली भूपट्ट एकमेकांपासून वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरने दूर सरकतात. फटीतून लाव्हा वर येतो, थिजतो आणि थिजताना त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा स्वतःत धरून ठेवतो. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटतं, म्हणून रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट-उलट पट्टे तयार होतात. 1963 मध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी हा अर्थ लावला आणि सागरतळ पसरतो या कल्पनेला आधार मिळाला. व्हाइन तेव्हा संशोधक विद्यार्थी होते. त्यांच्यापुढची मोजणी याच कार्ल्सबर्ग रिजवरची होती, 1962 मध्ये ब्रिटिश जहाज 'ओवेन'ने केलेली. रांगेला नाव मिळालं ते 1928 ते 1930 च्या डॅनिश मोहिमेला पैसा देणाऱ्या प्रतिष्ठानावरून. समुद्र आपल्या दारातला, मोजणी ब्रिटिशांची, नाव डॅनिश. साठ वर्षं उलटून गेल्यावरही एका भारतीय विद्यार्थिनीला त्याच रांगेवर तीस दिवस मिळू नयेत?

मी हे चुंबकीय पट्टे पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिले ते रात्री दोनच्या वॉचला, म्हणजे जहाजावरच्या पहाऱ्याच्या पाळीत. लॉगबुकात दर अर्ध्या तासाने वेळ, स्थान, खोली लिहायची. रेघ बराच वेळ वर राहिली, मग काही शेकडा नॅनोटेस्लांनी (चुंबकत्व मोजण्याचं एकक) खाली कोसळली. रांग ओलांडून गेलो आणि तीच आकृती आरशात पाहावी तशी उलट्या क्रमाने उमटू लागली. मी एकटी जागी होते. तिथे मला जे वाटलं ते मी आजवर कुठल्याही प्रपोजलमध्ये लिहू शकलेले नाही, कारण त्यासाठी तुमच्या अर्जात रकाना नाही.

ती पहिली मोहीमही सहज मिळाली नव्हती. त्याआधी दोनदा मला सांगण्यात आलं की जहाजावर बाईमाणसासाठी वेगळी केबिन नाही. मेरी थार्प यांनी 1950 च्या दशकात अटलांटिकच्या मधोमध असलेली खचदरी नकाशावर ओळखली, तेव्हा त्यांनाही जहाजावर जाऊ देत नसत. पुरुष सहकारी मोजून आणत, त्या किनाऱ्यावर बसून नकाशा काढत. त्यानंतर चार दशकांनी मीही तेच केलं. अखेर जहाज मिळालं तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. सासूबाईंनी तिला कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला शिकवलं. परत आले तेव्हा दोन पानं फुल्यांनी भरली होती आणि ती माझ्याकडे यायला तयार नव्हती. हे मी कुणाला सांगत नाही. आज सांगते, कारण त्या फुल्यांची किंमत तुमच्या पत्रातल्या दोन ओळींत धरलेली नाही.

माझी विद्यार्थिनी आता एका खासगी कंपनीत आकडेवारीचं काम करते. "मॅडम, घरी किती वर्षं सांगू?" एवढंच ती म्हणाली. सुरुवातीला फेलोशिप महिना 31,000 रुपये, तीही चार-चार महिने रखडलेली. पाच वर्षं तिने जुन्या, इतरांनी गोळा केलेल्या नोंदींवर काढली. हुशार मुली बाहेर का जातात म्हणून समित्या नेमता. त्या समित्यांतल्या एखाद्याने तिला फोन करावा.

पैसा नाही, असंही नाही. 2021 मध्ये खोल समुद्र मोहिमेला पाच वर्षांसाठी 4,077 कोटी मंजूर झाले. मध्य हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटरवर धातूंच्या गोळ्यांसाठी शोध घेण्याचा हक्क भारताकडे आहे. आता अशा रांगांवर गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी साचणाऱ्या सल्फाइड या धातूयुक्त खनिजांचीही घाई सुरू आहे. खनिज हवं आहे, पण ते तिथेच का तयार झालं हे विचारणारा माणूस नको आहे. गरम पाण्याचे झरे कुठे फुटतात, हे फटी कुठे आणि कशा उघडतात यावर ठरतं. आम्ही दुसरं काय शोधतो?

आणि नुसत्या खनिजाची गोष्ट नाही. 26 डिसेंबर 2004 नंतर सगळ्यांना भूपट्ट आठवले आणि 2007 मध्ये त्सुनामी इशारा केंद्र उभं राहिलं, चांगलं झालं. पण 11 एप्रिल 2012 रोजी सुमात्राच्या पश्चिमेला 8.6 आणि दोन तासांनी 8.2 तीव्रतेचे भूकंप झाले, ते भूपट्टाच्या कडेला नव्हे, भूपट्टाच्या आत. भारत आणि ऑस्ट्रेलिया ज्या कवचावर आहेत ते मधोमध मोडतं आहे. पश्चिमेला पाकिस्तान-इराणचा मकरान किनारा आहेच. 1945 च्या तिथल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. आपत्ती आली की आम्हाला टीव्हीवर बोलावता, दिवे विझले की जहाज दुसरीकडे पाठवता.

देशाच्या उत्पन्नाचा 0.64 टक्के हिस्सा संशोधनावर खर्च होतो. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या घरात आहे. 2022 मध्ये संशोधन उपकरणांवरचा जीएसटी पाचवरून अठरा टक्के केलात, म्हणजे सरकारने दिलेल्या अनुदानातून सरकारलाच कर. एका केबलच्या खरेदीला सात सह्या लागतात. सातवी होईपर्यंत दरपत्रकाची मुदत संपते आणि पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरुवात. जहाज कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत ज्याने कधी वॉच केला आहे असा एक तरी माणूस असतो का? आमच्या प्रश्नाला उत्तर यायला चौदा महिने लागतात आणि उत्तरावर सही असते ती प्रश्न न वाचलेल्या माणसाची. ही एका खात्याची गोष्ट नाही, सगळीकडे असंच आहे, आणि तुम्हाला ते माहीत आहे.

मागणं फार नाही. मोहिमेची तारीख लेखी द्या. जिची फेलोशिप जहाजाअभावी वाया गेली, तिला तेवढी मुदत वाढवून द्या. ती परत येईल की नाही हे तिचं ती ठरवेल, पण दार तुम्ही बंद केलेलं असता कामा नये. मला निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत, म्हणजे समुद्राचे तीन हंगाम. उपकरणं गोदामात पेट्यांत पडून आहेत, तिच्या अक्षरातल्या यादीसकट. दर पंधरा दिवसांनी मी जाऊन केबलच्या जोडांना गंज चढला नाही ना ते पाहते.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
एक सागरी भूभौतिकशास्त्रज्ञ