रात्रपाळी सोडली, त्याबद्दल आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आधी मुद्द्याचं सांगतो, नाहीतर बाबा पत्र मधूनच वाचायला लागतील. मी रात्रपाळी सोडली. सुपरवायझरची जागाही सोडली. आता स्टोअर्सला, जनरल शिफ्टमध्ये आहे. कोणी काढलं नाही, कोणाशी वाजलं नाही. अर्ज मीच दिला आणि साहेबांनी सही केली. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण बाबा म्हणाले असते "अजून थोडं धर", आणि मी धरून बसलो असतो.

पैशाचं म्हणाल तर रात्रीचा भत्ता आणि ओव्हरटाइम जाईल. तुमच्या खात्यावर येतं ते तेवढंच येईल. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्या वेळीच करायचं. कामाच्या मावशींना आईने "आता नको" म्हणून सांगायचं नाही. आम्ही दोघांनी वहीत सगळं मांडून पाहिलंय. गाडी तेवढी पुढे ढकलली. आणि खरं सांगू, गाडी घेऊन जाणार कुठे होतो? सुट्टीच्या दिवशी मी झोपलेलाच असायचो.

असं का केलं, तेही सांगतो. एकदा पहाटे चारच्या सुमाराला लॉगबुकात रीडिंग लिहायला घेतलं. मीटरवरचा आकडा दिसत होता, पण वाचता येईना. शेवटी शेजारच्या पोराने वाचून दाखवला. पहाटेची ती वेळ शरीराची सगळ्यात सुस्तीची, हे बाबांना काय सांगायचं! पण माझं दिवसाढवळ्याही तेच व्हायला लागलं होतं. आठवड्याला पाळी बदलायची, आणि शरीर नव्या वेळेला सरावेपर्यंत पुढची पाळी दारात. घरी असलो तरी कानात लाइन चालू. छकुलीने पेन्सिलीला टोक काढून मागितलं तरी अंगावर जायचो.

हे मला नाही, तुमच्या सुनेला आधी दिसलं. गेटवर हेल्मेट, बूट, कानातले प्लग बघतात. माणूस आतून कसा आहे ते तिथे कळणार कसं? घरी आल्यावर तो बूट न काढता किती वेळ भिंतीकडे बघत बसतो, हे घरच्यांनाच माहीत. म्हणून डॉक्टरांनी हिलाही आत बोलावलं. झोप, भूक, चिडचिड, बोलणं, सगळ्याची निम्मी उत्तरं तिनेच दिली. हो, मानसोपचाराचेच डॉक्टर. आई, लगेच देव पाण्यात ठेवू नकोस. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2022 मध्ये सांगितलं की नैराश्य आणि चिंतेपायी जगात दर वर्षी अंदाजे 1200 कोटी कामाचे दिवस बुडतात. त्यामुळे "आपल्याच घरात कसं काय" हा विचार मनात आणू नका. बाबा, तुमच्यासारखाच माझाही खाडा नव्हता. हजेरी लागत होती, पण माणूस जागेवर नव्हता.

आणि आई, हे सगळं तू आधीच करून बसलेली आहेस. बाबा तिसऱ्या पाळीहून आले की खिडकीला ती निळी चादर लागायची. आम्ही गोट्यासुद्धा मातीत दाबून खेळायचो, टकटक नको म्हणून. फी, घरभाडं, भांडणं, काहीही बाबा झोपून उठेपर्यंत त्यांच्या कानावर जायचं नाही. प्रेसवरच्या त्या प्रकारानंतर बाबा बोलेनासे झाले, तेव्हा तू काहीच विचारलं नाहीस. शिवण घेऊन नुसती जवळ बसायचीस. मग एका रात्री बाबा आपणहून बोलले. मी पांघरुणातून सगळं ऐकलं होतं, तुम्हाला वाटलं मी झोपलोय. हे मी हिला सांगितलं. आता तीही मला खोदून विचारत नाही.

तर आता नीट ऐका. गोळ्या चालू आहेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, तेव्हा "फरक पडला का" हे रोज विचारायचं नाही. "सवय लागेल, बंद कर" असं तर मुळीच म्हणायचं नाही. या गोळ्या मनाने एकदम थांबवायच्या नसतात. "मन खंबीर ठेव" नको, "परत सुपरवायझर कधी" हेही नको. शेजारपाजारच्या भानगडी सांगा, त्या मला आवडतात. माझ्या आवाजात काही वेगळं वाटलं तर मला विचारत बसू नका, सरळ हिला फोन करा. काकांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. "बदली झाली" म्हणालात तरी मला राग नाही.

बाबा, तुम्ही तीस वर्षं निभावलंत आणि मला जमलं नाही, असं मी मनात धरलेलं नाही, तुम्हीही धरू नका. निभावताना तुमचं काय झालं ते मी पांघरुणातून ऐकलंय.

बीपी मोजून वहीत लिहा, अंदाजाने नको. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. आणि फोन संध्याकाळी सहानंतर कधीही करा, मी घरीच असतो.

तुमचा,
बाळू