रेडिओवाल्या काकांना

काका, सा. न.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेव" म्हणता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

मामाचा तो जुना विलायती गिटार अ‍ॅम्प. चालू केला की दहा मिनिटांत दोन ईएल८४ व्हॉल्व्हपैकी (आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या) एकाची प्लेट लालबुंद व्हायची. एका दुकानात बघून न बघून सांगितलं, ट्रान्सफॉर्मर गेला. मी शहाणपणा करून व्हॉल्व्हची नवी जोडी मागवली. किंमत तुम्हाला अजून सांगितलेली नाही, आणि सांगणारही नाही. तीही तशीच तापली. तुम्ही हसला नाहीत, एवढंच विचारलंत, "व्हॉल्व्ह लाल होतोय का जागा?"

अदलाबदल करून पाहिली. लाली जागेवरच राहिली.

मग मी लगेच मीटर उचलला, तर तुम्ही ओरडलात. त्या ओरडण्याबद्दल खरे आभार. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये (वीज साठवून सपाट करणारे) तीनशेच्या वर व्होल्ट बसून असतात, हे मी वाचलं होतं. पण रेझिस्टरने ते उतरवून मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबायला तुम्ही लावलंत. आणि पुढे चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना डावा हात खिशात! अ‍ॅम्पच्या आधी १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावायला लावलात. बल्ब क्षणभर भगभगला आणि मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नाही. "ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे रे," तुम्ही म्हणालात.

लाल होणारा व्हॉल्व्ह काढून रिकाम्या सॉकेटची दोन नंबरची पिन, म्हणजे ग्रिड (करंट आवरणारी जाळी), मोजली. ग्रिडवर शून्य हवं, तिथे १४ व्होल्ट! त्याच्या आधीच्या ईसीसी८३ व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा दाब अडवणारा कपलिंग कंडेन्सर पाझरत होता, आणि ग्रिड पॉझिटिव्ह झाल्यामुळे बिचारा व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढत होता. पुण्यात तापकीर गल्लीत ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा नवा कंडेन्सर मिळाला, दोन चहांच्या पैशात. सोल्डर मीच मारला. तुम्ही दोनदा उखडायला लावलात तो भाग सोडून देऊ.

मामाची जुनी जोडीच परत बसवली आहे. तासभर वाजवला, लाली नाही. फक्त खालच्या पट्टीत घूं आवाज उरलाय, आधीच्या टप्प्यातले व्हॉल्व्ह काढले तरी जात नाही. म्हणजे आता फिल्टर कंडेन्सर, बरोबर ना?

रविवारी अ‍ॅम्प घेऊन येतो. जिना मीच चढवीन. काकूंना सांगा, पोहे नकोत, नुसता चहा.

तुमचा,
बल्बवाला विद्यार्थी