शॉर्टेज आलं की हेल्परचा पगार कापायचा, हे काय चाललंय?

मा. संपादक, नमस्कार.

मी नागपूरच्या इतवारी बाजारात बिस्कीट, साबण, शाम्पू, केसांचं तेल अशा मालाची डिस्ट्रिब्युटरशिप चालवतो. तीन छोटा हत्ती, म्हणजे छोट्या मालगाड्या आहेत, दोन शहरात फिरतात आणि एक उमरेड-भिवापूर लाइनला जाते. हे पत्र खरं तर आमच्याच धंद्यातल्या लोकांसाठी आहे, पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर चार अंगठे येतील आणि खाली लगेच कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकेल. पेपर मात्र सकाळी प्रत्येकाच्या गल्ल्यावर पडलेला असतो, म्हणून तुम्हाला लिहून राहिलो.

सकाळी गाडीत माल चढतो, संध्याकाळी उरलेला उतरतो, मधला विकला गेला असला पाहिजे. एवढा साधा हिशेब, पण तो जुळत नाही. मग आपण काय करतो, सेल्समन नाहीतर हेल्परच्या नावावर शॉर्टेज लिहितो आणि पगारातून कापतो. मीही तेच करत होतो.

उमरेडच्या गाडीत दहा रुपयेवाल्या बिस्किटाचे पुडे दर फेरीला कमी यायचे. कधी १२, कधी १८, एकदा तर २४. हेल्पर पोट्टा नवीन, वीस-बावीसचा, तर संशय कोणावर गेला असेल ते सांगायला नको. दोन महिन्यांत त्याचे हजार-अकराशे रुपये कापले. तो भांडला नाही, एवढंच म्हणाला की भाऊ, शहरातल्या गाड्यांमध्ये काहून कमी येत नाही? मी म्हटलं, तिथं तू नसतो म्हणून.

मग एका शनिवारी लोडिंगच्या आधी त्यानं एक सीलबंद पेटी गोडाऊनच्या फरशीवर माझ्यासमोर फोडली आणि दहा-दहाच्या थप्प्या लावत गेला. नऊ थप्प्या झाल्या आणि पेटी रिकामी. ९० पुडे. आमच्या कॉम्प्युटरमध्ये पेटी ९६ ची! कंपनीनं पॅकिंग बदललं होतं, पेटीवर बारीक अक्षरात छापलंही होतं, आम्ही पेटीचा नवा भाव टाकला पण पेटीत नग किती हा आकडा बदलायचा राहूनच गेला. शहरात दुकानदार अख्खी पेटी घेतो, पेटी गेली पेटी लिहिली, फरक दिसायचं कारणच नाही. उमरेडकडच्या खेड्यांत दुकानदार डझन-दीड डझन घेतो, तिथं पेटी फोडावी लागते, आणि फोडलेल्या प्रत्येक पेटीमागे सहा पुडे फक्त कागदावर. बारा, अठरा, चोवीस. माझ्या डोळ्यासमोर दोन महिने सहाचा पाढा चालला होता बाप्पा, आणि मी चोर शोधत होतो.

तेव्हापासून शॉर्टेज आलं की आधी कागद पाहतो, मग माणूस. आणि कागदातच इतकं सापडते की काय सांगू. दुकानदार एक्स्पायरीचा पुडा परत देतो, सेल्समन त्याला बदली ताजा देऊन टाकतो, बिल होतच नाही, आणि जुना पुडा सीटमागच्या पोत्यात पडून राहतो, संध्याकाळी ते पोतं कोणी मोजत नाही. बारावर एक फ्री अशी स्कीम असली तर बारा लिहिले जातात, तेरावा कुठं गेला म्हणून बोंब. शाम्पूची लडी अर्धी तोडून दिली तर ती लिहायची कशी हेच कोणाला माहीत नसते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की चॉकलेटचा काय रबडा होतो ते नागपूरकरांना सांगायला नको, तो माल डॅमेजमध्ये टाकायचा की विकलेल्यात, त्या दिवशी ज्याला जे सुचलं ते. आणि २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी १८ चा ५ टक्के झाला बिस्कीट, साबण, टूथपेस्टवर, त्या आठवड्यात तर एकाच गाडीत एकाच साबणाचा जुन्या एमआरपीचा आणि नव्या एमआरपीचा माल होता, नग बरोबर आणि पैसे चूक असा प्रकार रोज. तेव्हा किती जणांचे किती कापले गेले असतील, कोणी हिशेब ठेवला?

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. गाडी म्हणजे फिरतं गोडाऊन समजा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळी गोडाऊन करता येतात, आपल्यापैकी बहुतेकांकडे टॅली आहे, पण त्यात गाडीच्या नावानं गोडाऊन उघडलेलं मी फार कमी जणांकडे पाहिलं. सकाळचं लोडिंग म्हणजे मोठ्या गोडाऊनमधून गाडीच्या गोडाऊनमध्ये ट्रान्सफर, बिल फाटलं की गाडीतून वजा, संध्याकाळी उरलेला माल परत ट्रान्सफर. डॅमेज-एक्स्पायरीचं खातं वेगळं, फ्री मालाची ओळ बिलात शून्य भावानं का होईना पण लिहायचीच. मोबाइल अ‍ॅप घेणार असाल तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा की नेटवर्क नसताना बिल होते का, कारण भिवापूरकडे जंगलाच्या कडेच्या गावांत मोबाइलची दांडी दिसत नाही आणि मग सेल्समन बिल आठवणीनं रात्री टाकतो, तिथंच घोळ होतो.

मोजणी दोघांनी करायची, देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, आणि दोघांची सही. सकाळी वेळ नसतो म्हणतात. मान्य, इतवारीत नऊनंतर गाडी बाहेर काढणं म्हणजे शिक्षाच आहे. म्हणून आम्ही आता रात्रीच लोड करून कुलूप लावतो.

दोघांच्या सहीच्या या लोडिंग शीटचा रस्त्यावरही उपयोग आहे. कोणत्या दुकानात किती जाईल हे आधी ठरलेलं नसते, म्हणून गाडी निघताना बिल करता येत नाही, अशा मालासाठी सीजीएसटी नियम ५५ चं डिलिव्हरी चलन असते, तीन प्रतीत. राज्यातल्या राज्यात लाख रुपयांच्या वर माल असला तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचं ऑनलाइन काढलेलं बिलही लागते. आपण लोडिंगची चिठ्ठी सिगारेटच्या पाकिटामागे लिहून देतो आणि गाडी अडवली की जीएसटीच्या साहेबाच्या नावानं ओरडतो. लोडिंग शीट नीट असली तर चलनाचं अर्धं काम तिथंच झालेलं असते.

आणि कापण्याबद्दल. ताब्यात दिलेला माल कमी आला म्हणून पगार कापायचा असेल तर तो माणसाच्या हलगर्जीपणामुळेच गेला पाहिजे, आणि कापायच्या आधी त्याला आपली बाजू मांडू द्यावी लागते. हे १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मला हे माझ्या सीएनं सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. आपल्यातले कितीतरी जण गाडीला जीपीएस लावून बसलेत, गाडी कोणत्या टपरीवर चहाला थांबली ते घरबसल्या दिसते, गाडीत किती पेट्या उरल्या ते मात्र विचारा, सांगता येणार नाही.

त्या पोट्ट्याचे पैसे मी सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर परत दिले. त्यानं ते तिथंच उभं राहून मोजले, दोनदा.

आपला,
एक वितरक, इतवारी, नागपूर